गाळातली छत्री

१

"नकाशेवालीचे वडील सापडले म्हणे," केमिस्टची बायको लिफ्टमध्ये शिकवणीच्या बाईंना सांगत होती. "दर आठवड्याला थोडे थोडे घराच्या जवळ येतायत. पण त्यात एक गोष्ट अशी आहे ना, की—"

आणि लिफ्टचं दार बंद झालं.

मी बाहेर, दोन्ही हातांत पिशव्या. शिंक अर्ध्यावर अडकावी तसं झालं मला. लिफ्ट वर गेली, तशी मीही जिन्याने निघाले. चौथ्या मजल्यापर्यंत धापा टाकत पोचले तोवर दोघी आपापल्या घरात गडप. एरवी तासभर लिफ्टसमोर उभं राहून बोलतात, आज बरी कामं आठवली!

नकाशेवाली तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात राहते. तिशी ओलांडलेली, एकटी, घरूनच काम करणारी. आकाशातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे बनवायचं तिचं काम, म्हणून सगळी बिल्डिंग तिला नकाशेवाली म्हणते. तिचे वडील म्हणजे पंपवाले. आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी केली, निवृत्त झाले, आणि मग हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग वार, मग बायको वारल्याचं. मला मात्र शेवटपर्यंत ओळखायचे. "काय बाई, आज काय नवीन?" असं दारातूनच विचारायचे. मला असं विचारणारा माणूस जगात तो एकच. बाकीचे मला टाळतात.

दहा महिन्यांपूर्वी एका सकाळी ते घरातून बाहेर पडले आणि परत आलेच नाहीत. मुलगी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होती. त्यांना सगळ्यांत शेवटी मी पाहिलं, असं पोलिसांच्या कागदावर लिहिलेलं आहे.

ते सापडले असतील तर मला आधी कळायला नको? समोरच्या दारात राहते मी.

२

वाटीभर साखर घेऊन मी तिच्याकडे गेले. म्हटलं, "मागच्या महिन्यात नेली होती, परत द्यायची राहिली."

"काकू, तुम्ही नेली नव्हती," ती म्हणाली, पण बाजूला सरून आत घेतलं. पोरगी चलाख आहे, माझं येणं ओळखते. दहा महिन्यांत निम्मी झाली होती. हॉलमध्ये दोन मोठे स्क्रीन, टेबलावर चहाचे चार कप, चारही अर्धे. पंपवाल्यांच्या खोलीचं दार बंद. त्यांच्या चपलांचा जुना जोड मात्र दाराशी तसाच, टाचा भिंतीकडे.

"खरंच सापडले का गं?" मी सरळच विचारलं. असल्या बाबतीत मला आडून बोलता येत नाही.

ती हसली. कितीतरी दिवसांनी. "बसा. दाखवते."

तिने मला जे समजावलं ते मला जितकं कळलं तितकं सांगते. माझं शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. तर आकाशातून जाणारा उपग्रह एकच फोटो काढत नाही. एकाच जागेचे सहा काढतो. निळा उजेड वेगळा, हिरवा वेगळा, तांबडा वेगळा, आणि आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत असले आणखी तीन. एकेका उजेडाच्या पट्ट्याला ते लोक बँड म्हणतात. हिचं काम हे सहा फोटो एकत्र करायचं, तेही गणिताने.

"सहा साक्षीदार आहेत असं समजा, काकू. सगळे जे सारखंच सांगतात ते गणित बाजूला काढतं आणि त्याचं पहिलं चित्र बनवतं. रस्ते, इमारती, सगळं स्वच्छ. मग उरल्यासुरल्यातलं दुसरं. मग तिसरं. असं करत सहाव्या चित्रात जे येतं ते कुणाचंच कुणाशी न जुळणारं. आमच्या ऑफिसात त्याला गाळ म्हणतात. फेकून देतात."

"मग बरोबरच आहे की. सहा जण एक सांगत असतील तर तेच खरं."

"नेहमी नाही." तिने चहाचा थंड कप उचलला आणि तसाच ठेवला. "सहाही जण एकमेकांचं ऐकून बोलत असतील, तर ते सहा नसतात ना. एकच असतो, सहा वेळा मोजलेला."

माझ्या हातातली साखरेची वाटी मी टेबलावर ठेवली. का कोण जाणे, ती जड झाली होती.

"आता ऐका," ती पुढे सरकली. "हे सहा फोटो अगदी एकाच क्षणी निघत नाहीत. मध्ये डोळ्याची पापणी लवेल इतका वेळ जातो. जी गोष्ट उभी आहे ती सहाही फोटोंत एकाच जागी. पण जी चालतेय, ती प्रत्येकात जराशी पुढे. म्हणजे तिच्याबद्दल साक्षीदारांचं जुळत नाही. म्हणजे ती कुठे जाते?"

"गाळात," मी म्हटलं.

"गाळात. गाड्या, पक्षी, माणसं. जे जे हलतं ते." तिचे डोळे चमकत होते. "आपल्या भागाचे फोटो ऑफिसने वर्षभर घेतलेत, नव्या रस्त्यासाठी. दर आठव्या दिवशी, सकाळी साडेदहाला. मी त्या सगळ्यांचा गाळ परत काढला, काकू. आणि त्यात मला बाबा दिसले."

३

पडद्यावर करडा धुरळा होता, आणि त्याखालून पहिल्या चित्रातले रस्ते नि खांब पुसट दिसत होते. तिने बोट ठेवलं तिथे एक काळा ठिपका. नीट पाहिलं तर ठिपका नव्हता, गोल होता.

"एवढ्याशा ठिपक्यात बाबा?"

"माणूस वरून दिसत नाहीच, त्याची सावली दिसते फार तर. पण हे बघा, गोल. केवढा? दोन हातांएवढाही नाही. काळा. उन्हाळ्यातसुद्धा. काय असेल सांगा?"

मी पडद्याच्या आणखी जवळ गेले.

"छत्री!" ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत ना? साडेदहाला निघाले, फाटकातून डावीकडे वळले, तळ्याच्या रस्त्याला लागले, हातात काळी छत्री, उघडलेली. तुमचा शब्द न् शब्द पाठ आहे मला. आणि हे बघा, इथे सुरुवातीला तळ्याकाठी. मग महिनोन्‌महिने तिथेच, पुढे-मागे. मग इथे, बसथांब्याशी. मग पेट्रोल पंपाशी. आणि हा कालचा फोटो." तिचं नख काचेवर वाजलं. "आपल्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीसमोर. ते परत येतायत, काकू. रस्ता शोधत शोधत येतायत. तुम्ही नसतात तर मला हे ओळखूच आलं नसतं."

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. पोरीचे हात गरम होते. मी मात्र हात सोडवून घेतला.

कारण मी त्या दिवशी काही पाहिलंच नव्हतं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, आमच्या ह्यांनासुद्धा नाही. त्या सकाळी मी न्हाणीघरात होते, डोक्याला मेंदी लावून. संध्याकाळी पोलीस आले, सगळी बिल्डिंग जिन्यात जमली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोण कधी गेलं, कोण कधी आलं, हे मला ठाऊक असतं असा माझा लौकिक. "तुम्ही तर पाहिलंच असेल," दातांचे डॉक्टर म्हणाले. मला 'नाही' म्हणता आलं नाही. एवढंच. लाज वाटली. म्हटलं, तळ्यावर जायचे ते अधूनमधून, तिकडेच गेले असतील. आणि बोलता बोलता नजर आमच्या उघड्या दाराकडे गेली, बिजागरीच्या फटीतून दाराआडच्या खुंटीची छत्री दिसली, आणि तोंडातून निघून गेलं, "छत्री होती हातात. काळी. उघडलेली."

ती छत्री पंपवाल्यांचीच होती. आदल्या दिवशी मीच मागून आणली होती. तिची एक काडी टोकाशी कापडापासून सुटली म्हणून त्या दिवशी दुपारी मीच ती तांबड्या दोऱ्याने बांधली होती.

त्यांच्याकडे छत्री नव्हतीच. असणं शक्यच नव्हतं.

"हे सगळं कोणत्या दिवसापासून दिसतं गं?" मी विचारलं. 

"ते एक गंमतच आहे. ज्या दिवशी गेले, नेमका त्या दिवशीचा फोटो आहे आपल्याकडे, साडेदहाचा. त्यात नाहीयेत. डावीकडचा रस्ता रिकामा. त्यानंतरच्या फोटोपासून दिसतात." तिने खांदे उडवले. "झाडाखाली असतील त्या क्षणी."

"आणि सावली?"

"काय?"

"बाकी सगळ्यांना सावली आहे बघ. ह्या खांबाला आहे, ह्या माणसाला आहे. ह्याला नाही."

तिने पडद्याकडे पाहिलं. ठिपका मोठा केला. मग म्हणाली, "गाळ आहे काकू. गाळात सगळंच नीट नसतं."

४

घरी आले ते थेट दाराआड पाहिलं. छत्री खुंटीला होती. तांबडा दोरा होता. दहा महिने तिला मी हात लावला नव्हता. परत द्यायला गेले असते तर पोरीने विचारलं असतं, की ही तुमच्याकडे कशी?

"काय, आज समोर किती वेळ मुक्काम?" आमचे हे आरामखुर्चीतून म्हणाले. हे मीटर रीडर होते. तीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन आकडे वाचले, आणि आता नावं मला ठेवतात. "तिला म्हणावं, उपग्रहाचा खर्च कशाला? आमच्या खिडकीत एक आहे. जेवायलासुद्धा खाली उतरत नाही."

एरवी मी सोडलं नसतं. त्या दिवशी नुसती बसून राहिले. ह्यांनी दोनदा वर पाहिलं. शेवटी म्हणाले, "बरं नाही का?"

मी स्वतःला समजावलं. काळी छत्री काय एकाच माणसाकडे असते? कुणी म्हातारी असेल, ऊन सहन न होणारी. रोज त्याच वेळी येत असेल. तो ठिपका छत्रीच कशावरून? टायर असेल, झाकण असेल. असं म्हणून मी भाजी चिरायला घेतली, आणि अर्धी चिरून उठले नि लाँड्रीवर गेले.

लाँड्रीवाल्याने इस्त्री थांबवली. "साडेदहाला? छत्रीवालं? नाही बुवा. ह्या उन्हात कोण छत्री घेऊन फिरतं? तुम्हीच पहिल्या आलात काहीतरी विचारायला." मग जरा थांबून म्हणाला, "का हो, कुणाचं काय झालं?" मला माझाच एक भाऊ भेटल्यासारखं वाटलं. पण मी काही सांगितलं नाही.

मी त्या जागेवर उभी राहिले. पडद्यावर तिने दाखवली होती तीच जागा, विजेच्या खांबापासून चार पावलं. तिथे काहीही नव्हतं. फरशीला एक तडा, त्यात थोडं गवत. माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी जात होती.

खालून तिथे काहीच नव्हतं. जे होतं ते फक्त वरून दिसत होतं, आणि तेही सगळ्यांचं जुळणारं वजा केल्यावर.

आठ दिवस मी खिडकीत बसले नाही. आमचे हे घाबरले. डॉक्टरकडे चल म्हणाले.

५

नवव्या दिवशी सकाळी नकाशेवालीने आमचं दार वाजवलं. केस धुतलेले, धुवट ड्रेस. हातात फोन.

"फाटकाच्या आत आलेत!" ती कुजबुजली. आनंदाने माणूस कुजबुजतो तशी. "कालच्या फोटोत. स्कूटर लावतात तिथे. काकू, पुढच्या वेळी दारात असतील. मी रजा घेतलीये त्या दिवशी. दार सकाळपासून उघडं ठेवणार आहे, सताड. त्यांना बेल कुठेय ते आठवत नसेल, नाही का?"

मी तिला म्हटलं, "आत ये. बस." ह्यांना म्हटलं, "तुम्ही जरा खाली जाऊन या." ह्यांनी माझा चेहरा पाहिला आणि चपला घालून गेले.

मग मी दार लोटलं, म्हणजे दाराआडची खुंटी दिसेल. बोटाने दाखवलं.

तिला कळायला वेळ लागला. छत्रीची मूठ लाकडी, त्यावर पंपवाल्यांनी तापल्या खिळ्याने कोरलेली खूण. ती तिने ओळखली. "ही... ही कुठे मिळाली तुम्हाला?"

"मिळाली नाही. इथेच आहे. त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवसापासून."

"पण तुम्ही म्हणालात—"

"मी पाहिलं नव्हतं. काहीच पाहिलं नव्हतं मी. ना डावीकडे, ना उजवीकडे. मला नाही म्हणवलं नाही गं पोरी."

मला वाटलं ओरडेल. ओरडायला हवं होतं तिने. ती छत्रीकडे बघत उभी राहिली आणि तिचा रंग उतरत गेला, कपडा धुताना रंग जावा तसा.

"केमिस्टच्या बायकोनेही सांगितलं होतं," ती सावकाश म्हणाली. "शिकवणीच्या बाईंनी. डॉक्टरांनी. काकांनी. वरच्या मजल्यावरच्या आजींनी. सगळ्यांनी डावीकडेच सांगितलं."

"माझं ऐकून."

"सहा जण." तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि एकटा वॉचमन म्हणत होता, उजवीकडे गेले. बसमध्ये बसले, हात मोकळे होते, आणि त्याला म्हणाले, ड्यूटीवर चाललोय. वॉचमन झोपा काढतो म्हणून सगळे हसले. मीसुद्धा. त्याचं कुणाशीच जुळत नव्हतं म्हणून मी—" तिने छत्रीची मूठ धरली. "मी गाळ म्हणून फेकलं, काकू. तुम्ही नाही. मी."

उजवीकडे जाणारी बस शेवटी कुठे जाते हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. जुन्या पंपघराशी. तिथे एक सरकारी रुग्णालय आहे. तळ्यात दोनदा गळ टाकून झाला होता, डावीकडची गावं पालथी घालून झाली होती, आणि उजवीकडे दहा महिन्यांत शोधायला एक माणूस गेला नव्हता.

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. पाठमोरीच म्हणाली,

"पण मग तो कोण आहे?"

"कोण?"

"छत्री घेऊन येतोय तो."

६

त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं. भिंतीतून तिचं फोनवर बोलणं ऐकू यायचं. वय सांगायची, उंची सांगायची, डाव्या भुवईवरची खूण सांगायची. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं मी, पण भिंतीला काय करणार.

आठव्या दिवशी सकाळी आठ वाजता बेल वाजली. ती दारात, खांद्याला पिशवी, खाली टॅक्सी उभी.

"पंपघराजवळच्या रुग्णालयात एक आजोबा आहेत. दहा महिने झाले. बोलत नाहीत. भुवईवर खूण आहे." तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. "बाबांची खोली उघडून ठेवाल? हवा खेळू दे. चादर कपाटात आहे."

"मी करते सगळं. तू जा." मला आणखी काही बोलायचं होतं, पण तिने माझ्या दंडाला हात लावला, अगदी जरासा, आणि जिना उतरली.

दोन पायऱ्या उतरून वळली. "आणि काकू. आज साडेदहाला दार लावून घ्या."

मी आमच्या ह्यांना चहा दिला, पेपर दिला. सांगितलं, मी समोर आहे, दाराला कडी घाला. "हो हो," म्हणाले पेपरातून. समोर गेले. पंपवाल्यांच्या खोलीची खिडकी उघडली, पलंग झटकला, चादर घातली, उशीला अभ्रा चढवला. चपलांचा जोड पुसून पलंगाखाली ठेवला. हॉलमधले चार कप धुतले. हाताला काम असलं की बरं असतं.

मग घड्याळात साडेदहाला पाच कमी झाले, आणि मला खिडकीत जावंसं वाटत नव्हतं. आणि मी गेले.

तिच्या खिडकीतून फाटक सरळ खाली दिसतं, उपग्रहाला दिसावं तसं. ऊन स्वच्छ पडलं होतं. स्कूटरींच्या सावल्या आखल्यासारख्या. वॉचमन खुर्चीत, जागा. फाटकापाशी कुणी नव्हतं.

मी श्वास सोडला आणि डोळे चोळले. पापण्या उघडल्या तेव्हा इमारतीच्या पायरीशी एक काळा गोल होता.

तो चालत आला नाही. वॉचमनने मान वळवली नाही. गोल पोर्चच्या छपराखाली सरकला आणि दिसेनासा झाला. तो जिथून गेला तिथलं ऊन जसंच्या तसं होतं. फरशीवर सावली म्हणून काही नव्हतं.

मी दाराला आतून कडी घातली. साखळी लावली. लिफ्ट खालून निघाल्याचा आवाज आला, तो ओळखीचा घरघराट, पहिला मजला, दुसरा. तिसऱ्यावर थांबली. दार उघडलं.

पावलं वाजली नाहीत. दर थोड्या वेळाने एक आवाज मात्र येत होता. टक्. मग थांबून, टक्. पंपवाले छत्री काठीसारखी टेकत यायचे तेव्हा हाच आवाज यायचा. पण छत्री उघडलेली असेल तर ती टेकता कशी येईल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला, आणि तेवढाच मी धरून ठेवला. बुद्धीला काहीतरी धरायला लागतं.

आवाज दाराशी थांबला.

मी दाराच्या भोकातून पाहिलं. पलीकडे सगळं काळं. मला वाटलं कुणी हात ठेवलाय. मग त्या काळ्यात काड्या दिसल्या, मधोमध जमणाऱ्या, ताणलेल्या कापडावर. छत्री दाराकडे कलती धरलेली होती, भोकाला जवळजवळ चिकटून. आणि एका काडीच्या टोकाला तांबडा दोरा बांधला होता. माझी गाठ. मी दोरा दोनदा फिरवून गाठ मारते, माझ्या आईसारखी.

मी खाली वाकले. दाराखालच्या फटीतून जिन्यातला उजेड येत होता, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, अखंड. तिथे पाय असते तर तो कुठेतरी तुटला असता.

त्याच क्षणी माझ्या हातातला फोन वाजला.

७

"काकू!" ती रडत होती, हसत होती. "बाबाच आहेत. काकू, बाबाच. वाळलेत, बोलत नाहीत, पण मी हात पुढे केला तर धरला त्यांनी. सोडतच नाहीयेत. ऐकताय ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं. मी जमिनीवरच बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि नजर दाराखालच्या फटीवर होती.

"इथले लोक म्हणतात, रोज सकाळी दारात येऊन बसायचे. पंप सुरू करायचाय म्हणायचे, पहिले काही महिने. मग बोलणं थांबलं." ती थांबली. मग हलक्या आवाजात, "काकू, तिथे... काही आलं का?"

बाहेर टक् झालं. मग पुन्हा, जरा लांब. तो दारापासून मागे सरकत होता. वळत होता. आमच्या जिन्यात वळून जायला दुसरं दार एकच आहे.

"काका कुठेत?" तिने विचारलं.

मी उठले. साखळी निघेना. कडी निघेना.  दार उघडलं तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं, लिफ्ट तिसऱ्यावरच उघडी उभी होती, आणि समोर आमचं दार हातभर उघडं होतं. कडी घातली नव्हती ह्यांनी. पेपर वाचताना माझं बोलणं ह्यांना कधी ऐकू आलंय?

फोन मी तसाच कानाला धरला होता. पोरगी काहीतरी विचारत होती. मी दार आणखी थोडं ढकललं आणि उंबऱ्यातूनच दाराआडच्या खुंटीकडे डोकावले.

खुंटीला दोन छत्र्या होत्या.

दोन्ही काळ्या, दोन्ही मिटलेल्या. दोन्हींच्या लाकडी मुठीवर तीच कोरलेली खूण, दोन्हींच्या काडीला तोच तांबडा दोरा, दोनदा फिरवून मारलेली गाठ. घरी पोचलेला माणूस छत्री मिटतो, दाराआड टांगतो, आणि मग आत जातो.

केमिस्टच्या बायकोला सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं, त्या क्षणीसुद्धा. पंपवाले सापडले, हे खरं होतं. थोडं थोडं करत घराच्या जवळ येतायत, तेही खरं होतं. फक्त ते दोघे एक नव्हते, आणि घर पंपवाल्यांचं नव्हतं.

आतून आमच्या ह्यांचा आवाज आला. नेहमीचा, खुर्चीत रेलून बोलतानाचा. पाहुण्याला बसवून ठेवलेल्या माणसाचा.

"आलीस का? अगं, दारात काय उभी? हे केव्हाचे बसलेत. आता इथून पुढे कुठे जायचं, ते तू सांगणार आहेस म्हणे."